वाळवी लाकडात नाही, जमिनीत राहते



बडोद्यात पहिले दोन-चार पाऊस झाले की संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे जमतात आणि सकाळी खिडकीखाली नुसते पंख पडलेले दिसतात. आपण ते केराबरोबर झाडून टाकतो. यंदा एकदा नीट बघा. चारही पंख सारख्याच लांबीचे असतील तर ते मुंगीचे नव्हेत, वाळवीचे आहेत. बाहेरून उजेडाला आलेल्या चार किड्यांनी घाबरायचं कारण नाही. पण घरातल्याच चौकटीतून किंवा भिंतीच्या फटीतून थवा निघाला, तर वाळवीचा मुक्काम आपल्याकडेच आहे.

आपण तिला पांढरी मुंगी म्हणतो, पण तिचं जवळचं नातं झुरळाशी. आपल्या भागात घरं पोखरणारी वाळवी बहुतेक करून जमिनीखाली राहते. राणी तिथेच, पिल्लंही तिथेच. कोरडी हवा तिला सोसत नाही, म्हणून ती भिंतीवरून मातीचे बोगदे बांधत लाकडापर्यंत येते. लाकूड हे तिचं फक्त जेवणाचं ताट. आमच्या धंद्यातलं सांगायचं, तर स्क्रीनवर आकडा चुकीचा दिसतो म्हणून स्क्रीन बदलून भागत नाही; आकडा येतो कुठून ते शोधावं लागतं.

हे मला आत्याच्या घरामुळे नीट कळलं. घर जुनं, तळमजल्यावर देवघर, भिंतीतली फडताळं आणि त्यांत आजोबांचे कागद. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आत शिरलं आणि भिंतींचा पायथा कित्येक महिने ओला राहिला. पुढे एका फडताळाच्या पाठीला मातीची रेघ दिसली. भावंडांच्या ग्रुपवर लगेच सूर निघाला, "वाळवी लागलीय, आता विकूनच टाकू." आत्या काही बोलली नाही. पण त्या घरात राहणारी ती एकटीच आहे.

मी दोन जणांना बोलावलं. पहिला म्हणाला, तासाभरात फवारून देतो. दुसऱ्याने आधी सगळ्या खोल्या फिरून चौकटी ठोकून पाहिल्या आणि मग आत्याला विचारलं, "बेन, कूवो क्यां छे?" मागच्या चौकात विहीर आहे. तिच्या जवळच्या जमिनीत औषध सोडणार नाही, असं त्याने काम ठरवायच्या आधीच सांगितलं. काम त्यालाच दिलं.

उभ्या घरासाठी काय करायचं हे आयएस ६३१३ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात दिलं आहे. फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे ३०० मिलिमीटर अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडायची, प्रत्येकात जास्तीत जास्त १ लिटर द्रावण दाबाने सोडायचं आणि भोक बुजवायचं. म्हणजे घराखालच्या मातीतच औषधाची पट्टी तयार होते. पोखरलेल्या लाकडात वेगळं औषध भरतात. नुसत्या फवारणीने किंवा रॉकेलने समोर दिसणारी वाळवी मरते, जमिनीखालची तशीच राहते.

कोणालाही काम देण्यापूर्वी एवढं विचारा:

• कीटकनाशक वापरण्याचा सरकारी परवाना आहे का?
• औषध कोणतं? सीलबंद बाटली आपल्यासमोर उघडून, लेबलवरच्या प्रमाणात मिसळणार का?
• भोकं किती अंतरावर पाडणार? विहीर, टाकी, लहान मुलं, पाळीव जनावरं यांची काळजी कशी घेणार?
• गॅरंटी लेखी आहे का? ती बहुधा पुन्हा येऊन औषध मारण्यापुरती असते. खराब झालेलं लाकूड बदलून देण्याची नसते.

माणूस पाहायला येण्याआधी सगळे बोगदे पुसून टाकू नका. वाट कुठून आली हे त्यांच्यावरूनच कळतं. एखादा छोटा तुकडा मात्र मोडून पाहा. चार दिवसांत तो पुन्हा बांधला गेला, तर वाळवी अजून कामावर आहे.

बाकीची काळजी आपल्याच हातात आहे. गळका नळ आधी दुरुस्त करा. पुठ्ठ्याची खोकी आणि जुनी रद्दी भिंतीला टेकवून ठेवू नका. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण बाहेरचा फिकट भाग आणि साधं प्लायवुड ती सोडत नाही. नवीन घर बांधत असाल तर पाया भरतानाच मातीला औषध द्या. तेव्हा फरशी फोडावी लागत नाही.

आत्याकडे शेवटी एक फडताळ आणि जिन्याच्या खालच्या दोन पायऱ्या बदलाव्या लागल्या. वरचा मजला आणि तुळया शाबूत निघाल्या. कागद आता लोखंडी कपाटात आहेत. घर ठेवायचं की विकायचं, हे आम्ही दिवाळीत आत्यासमोर बसून ठरवू. पण ते माणसांनी ठरवायचं, वाळवीने नव्हे.

तुमच्याही घरी कोणी एकटं जुन्या घरात राहत असेल, तर या रविवारी टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जा. चौकटी खालून ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, तर थांबू नका.