बावखळाशिवाय जलचक्र अपुरे

प्राथमिक शाळेच्या भिंतीवर जलचक्राचा तक्ता असतोच. डोंगर, ढग, नदी, समुद्र आणि त्यांना जोडणारे बाण. मुले बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य हे शब्द पाठ करतात, आकृती काढतात आणि पूर्ण गुण मिळवतात. या तक्त्यात चुकीचे काही नाही. पण त्यात माणूस नाही. जलचक्राच्या साडेचारशेहून अधिक आकृत्या तपासणारा एक अभ्यास २०१९ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ८५ टक्के आकृत्यांत माणसाच्या पाणीवापराचा मागमूसही नव्हता. २०२२ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने आपला जुना तक्ता बदलून त्यात शेती, शहरे आणि धरणे आणली. वसई-विरारच्या शाळांनी हे काम आपल्या परीने करावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेचे मुख, पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आणि पश्चिमेला अरबी समुद्र असलेल्या या तालुक्यात जलचक्राचा प्रत्येक टप्पा मुलांना प्रत्यक्ष दाखवता येतो.

सुरुवात मिठागरापासून करता येईल. भरतीचे पाणी आत घ्यायचे, उथळ वाफ्यांतून पुढे पुढे सरकवायचे आणि उन्हात आटू द्यायचे, एवढीच ती रीत. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटते तसे ते दाट होते आणि शेवटी वाफ्यात पांढरे खडे उरतात. वाफ होऊन गेले ते फक्त पाणी, मीठ मागेच राहिले. समुद्र खारट असून पाऊस गोड का, या प्रश्नाचे उत्तर तिसरीतल्या मुलालाही इथे उभ्या उभ्या मिळते. मग पुढचा प्रश्न येतो, ती वाफ जाते कुठे? पावसाळ्यात विषुववृत्त ओलांडून सोमालियाच्या किनाऱ्यावरून वळणारे वारे अरबी समुद्रावरची वाफ घेऊन आपल्या किनाऱ्यावर येतात, डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. वसईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर दोन लाख लिटरहून अधिक पाणी पडते. हे गणित मुलांकडूनच करून घ्यावे.

तक्त्यावर सर्वांत दुर्लक्षित राहतो तो जमिनीखालचा बाण, आणि वसईचे खरे दुखणे तिथेच आहे. इथल्या वाड्यांमधली बावखळे, म्हणजे खोदलेली छोटी तळी, पावसाचे पाणी साठवत, ते हळूहळू जमिनीत मुरवत आणि उन्हाळ्यात केळी, पानवेली, भाजी यांना रहाटाने पाणी पुरवत. समुद्राकाठी गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते, असे भूजलशास्त्राचा ढोबळ नियम सांगतो. वरून थोडे जास्त उपसले की खालून खारे पाणी बरेच वर चढते. विहिरींतून टँकर भरून नेण्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे लोक हरित वसईच्या चळवळीत उभे राहिले, त्यामागे हेच शास्त्र होते. पुढे अनेक बावखळे बुजली. जुलै २०१८ च्या पुरात मिठागरांतल्या वस्त्या पाण्याने वेढल्या गेल्या आणि नालासोपाऱ्यात रूळ बुडून रेल्वे ठप्प झाली. पाणी मुरायची आणि थांबायची जागा भरून टाकली की ते घरात शिरते, एवढी संगती पाचवीतल्या मुलाला सहज समजते. त्याच्या नळाला येणारे पाणी धामणी धरणातून, सूर्या नदीचे आहे. ती नदी वैतरणेला मिळते आणि वैतरणा अर्नाळ्याच्या उत्तरेला समुद्राला. नळाचा हा प्रवासही तक्त्यावर हवा.

जलचक्राचा धडा समुद्रापाशी संपतो, पण पाणी तिथे थांबत नाही. सागरी प्रवाहांचा सविस्तर धडा आपल्याकडे आठवीच्या भूगोलात येतो. किनाऱ्यावरच्या मुलांसाठी हा उशीर आहे. काचेच्या पसरट भांड्यात कोमट पाणी घेऊन एका टोकाला रंगीत बर्फाचा खडा सोडला, की थंड रंगीत पाणी तळाशी जाऊन पुढे सरकताना दिसते. वरून फुंकर घातली की पृष्ठभागही हलतो. तापमान, क्षार आणि वारा पाण्याला कसे वाहवतात, याचा पाया इथे घातला जातो. भरती-ओहोटीत पाणी येते आणि परतते. प्रवाह ते दूर नेतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे, तर हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. म्हणून खाडीत टाकलेली पिशवी दुसऱ्याच गावच्या किनाऱ्यावर लागू शकते आणि भर समुद्रात सांडलेले तेल पावसाळ्यात डांबराच्या गोळ्या होऊन आपल्या वाळूवर येते.

यावर आक्षेप येतील. अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, शिक्षकांवर शाळाबाह्य कामांचा बोजा आहे, हे खरेच आहे. पण मी नवा धडा मागत नाही. आहे त्याच धड्यातली उदाहरणे बदलायला सांगतो आहे. परिसर अभ्यास या विषयाचा हेतूच तो आहे. दुसरा आक्षेप, लहान मुलांना हे झेपणार नाही. मुलांना अवघड जाते ती न पाहिलेली गोष्ट. डोळ्यांसमोरचे बावखळ पर्जन्य या शब्दाहून सोपे आहे. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बुजलेली बावखळे आणि पूर वर्गात आणले तर मुलांच्या डोक्यात वाद भरवले जातील. ही भीती समजण्यासारखी आहे, म्हणून शिक्षकाने दोषी कोण हे सांगू नये. पाणी कुठून आले, कुठे मुरले, कुठे अडले एवढेच दाखवावे. वस्तुस्थिती लपवणे ही काही तटस्थता नव्हे.

जिल्हा परिषदेच्या आणि खासगी शाळांनी येत्या वर्षी एवढे तरी करावे. प्रत्येक वर्गाने आपल्या गावाचा जलनकाशा काढावा, त्यात विहीर, बावखळ, नाला, खाडी आणि नळवाहिनी दाखवावी. पावसाळ्यात शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवून रोज नोंद करावी. हिवाळ्यात, ओहोटीची वेळ पाहून आणि मोठ्यांच्या सोबतीने, मिठागर आणि किनारा दाखवावा. महापालिकेने या नकाशांसाठी आपल्याकडची नाल्यांची आणि तलावांची माहिती शाळांना द्यावी. उद्या याच मुलांतून अभियंते, नगरसेवक आणि घर घेणारे नागरिक तयार होतील. कोणत्या जमिनीवर पाणी थांबते हे त्यांना दहाव्या वर्षीच माहीत असेल, तर ती भरताना कुणाला तरी उत्तर द्यावे लागेल.