पैनगंगेला पूल आहे, कापसाला का नव्हता?



केळापूर तालुक्याचा बाजार म्हणजे पांढरकवडा. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे हे गाव सोडून दक्षिणेला निघाले की पाटणबोरी, मग पैनगंगा, आणि पूल ओलांडला की आदिलाबाद जिल्हा. दोन्ही काठांवर माती काळी, पऱ्हाटी, तूर आणि ज्वारी सारखीच, आभाळाकडे बघणेही सारखेच. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, गोरमाटी कानावर पडते. केळापूरच्या जगदंबेला पलीकडचे लोक येतात, सोयरिकीही नदी ओलांडून जुळतात.

राज्ये मात्र बदलत गेली. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. पलीकडे १९४८ पर्यंत निजाम होता. १९५६ साली तिकडे आंध्र आले, २ जून २०१४ रोजी तेलंगणा. एवढ्या उलथापालथीत माणसांची ये-जा चालूच राहिली. अडवला गेला तो कापूस.

१९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. व्यापाऱ्याच्या लुटीतून सोडवतो म्हणून सरकारच एकटे गिऱ्हाईक झाले. कापूस दुसऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. केंद्रावर बंड्यांच्या रांगा, ग्रेडरची मर्जी आणि रखडलेले चुकारे. पलीकडे चार पैसे जास्त मिळू लागले की घरचा माल विकायला निघालेला शेतकरी चोर ठरायचा आणि रात्री बंडी हाकायचा. २००२ साली खासगी खरेदीला मोकळीक मिळाली, तोवर एक पिढी खपली होती.

आता नाका उठला म्हणून लूट संपली काय? १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले आणि ती सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येण्याचा काळ. आपल्या कापसाला नदी ओलांडायची बंदी होती. परदेशी कापसाला समुद्र ओलांडायला सवलत! भाव चढला की बाजार बांधायचा, पडला की मोकळा सोडायचा, हेच ते धोरण.

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. पण सीसीआयच्या काट्यावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो, १२ च्या वर गेला की माल परत. दिवाळीला पैसा हवा असलेला कोरडवाहू शेतकरी मग खासगी जिनिंगच्या दारात उभा राहतो.

म्हणून एक काम करा. गावागावात चावडीवर फळा लावा. पांढरकवड्याचा भाव, आदिलाबादचा भाव, ओलाव्याची व वजनाची कटती, गाडीभाडे हे रोज लिहा. हातात काय पडते ते काढा आणि मगच गाडी जुंपा. जिल्हा बैठकीला येताना हा हिशेब सोबत आणा.

दयेचे अनुदान मागायला आपण जमत नाही. आपला माल, आपला बाजार, आपला भाव: एवढेच मागणे आहे.