करवंट्यांचा तराजू



रोह्याच्या बाजारपेठेतील आमच्या दुकानात गेले वर्षभर एक छोटासा कार्यक्रम नित्यनेमाने होत असे. माझी चार वर्षांची नात बालवाडीतून परतली, की तिचे वडील तिला गल्ल्याशेजारच्या स्टुलावर उभे करीत आणि ओळखीचे गिऱ्हाईक दिसताच म्हणत, "काकांना आकडे म्हणून दाखव बरं!" नात एका दमात इंग्रजीतून शंभरापर्यंत आकडे म्हणे. गिऱ्हाईक कौतुकाने मान डोलावी आणि माझ्या मुलाचा चेहरा उजळून निघे. खोटे कशाला बोलू, माझाही उजळत असे.

एके दिवशी मात्र तिने सर्वांसमक्ष सांगून टाकले, "मला नाही म्हणायचं." वडिलांनी आधी चॉकलेट दाखवले, मग आवाज चढवला. पोर स्टुलावरून उतरली आणि तांदळाच्या गोणींमागे जाऊन बसली. ती बाहेर यायला अर्धा तास लागला.

त्याच रात्री मुलाने निर्णय जाहीर केला. या बालवाडीत नुसता खेळच चालतो, वहीत एक ओळ लिहिलेली नाही. तेव्हा येत्या जूनपासून मुलीला दुसऱ्या संस्थेत घालायचे. तिथे चौथ्या वर्षीच लेखन सुरू होते आणि रोज गृहपाठ असतो. प्रवेशाचा अर्जही त्याने आणून ठेवला होता. सूनबाईंच्या मनात नव्हते, पण त्या बोलल्या नाहीत. मी एवढेच म्हटले, "अरे, खाते बंद करण्यापूर्वी निदान उतारा तरी पाहावा."

म्हणून एका शनिवारी आम्ही दोघे बालवाडीत गेलो. बाईंनी आम्हांला कोपऱ्यात बसवले आणि मुलांशी बोलायचे नाही, अशी तंबी दिली. नातीने आमच्याकडे एकदा पाहिले आणि ती कामाला लागली. होय, कामालाच. एका काठीला सुतळीने दोन करवंट्या बांधून केलेला तराजू तिथे टांगलेला होता. तिने एका करवंटीत चार चिंचोके टाकले. ती बाजू खाली गेली. मग दुसरीत एकेक वाल टाकू लागली. प्रत्येक वाल टाकल्यावर ती हात मागे घेई आणि तराजू स्थिरावेपर्यंत थांबे. नवव्या वालाला दोन्ही करवंट्या समोरासमोर आल्या. शेजारचा मुलगा कुरकुरला, "तुझ्या वाटीत वाल जास्त आहेत." नात शांतपणे म्हणाली, "जास्त आहेत, पण जड नाहीत."

घरी परतताना मुलगा बराच वेळ गप्प होता. दुकानाजवळ आल्यावर म्हणाला, "पप्पा, मी दिवसभर काट्यावर माल जोखतो. हिला वजन कळतं, हे मला ठाऊकच नव्हतं." शंभर आकडे तोंडपाठ असणे आणि चार व नऊ यांचे नाते कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट आम्ही वर्षभर गिऱ्हाइकांना दाखवत होतो. दुसरी कोणालाही न दाखवता तिच्यात रुजली होती.

या करवंट्या-चिंचोक्यांमागे मोठा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात एका बापापासूनच होते, हे आपल्या वाचकांना भावेल. सौराष्ट्रातील गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. स्वतःच्या मुलाच्या जन्मानंतर त्याचे शिक्षण कसे व्हावे, या विचाराने ते मॉन्टेसोरींच्या ग्रंथांकडे वळले, वकिली सोडली आणि 1920 मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. मुंबईच्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. शहरातल्या बालमंदिराची महागडी साधने खेड्याला परवडणार नाहीत, हे ओळखून ताराबाईंनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावी काम सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे 1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. शिंपले, बिया, पाने, खडे हीच तिथली साधने. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, गुरे राखणाऱ्यांसाठी ती कुरणावर भरवावी, हा विचार तिथेच वाढला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही 3 ते 8 ही वर्षे पायाभूत टप्पा मानून त्यात खेळातून आणि कृतीतून शिकण्यावर भर दिला आहे. तेव्हा "नुसता खेळच चालतो" ही आमची तक्रार म्हणजे वस्तुतः बाईंच्या कामाची पावती होती.

बँकेत असताना मी एक प्रकार पुष्कळ ठिकाणी पाहिला. 31 मार्च जवळ आला की ठेवींचा आकडा फुगवून दाखवायचा मोह शाखाधिकाऱ्यांना होतो. कोणाकडून तरी चार दिवसांसाठी रक्कम आणावी, ताळेबंद सजवावा आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती रक्कम निघून जावी. कागदावर वाढ दिसते, पण शाखा होती तिथेच राहते. मुलांच्या बाबतीत आपण हेच करतो. पाहुण्यांसमोर म्हणवून घेतलेली कविता, आकडे, रंगांची इंग्रजी नावे हा आपला 31 मार्च असतो. मुलाची खरी ठेव हळूहळू साठते आणि ती बहुधा आपण पाहत नसताना साठते.

मुलाचा अभिमान वाटू नये, असे मी म्हणत नाही. तो ज्याला वाटत नाही, त्याने मन तपासून पाहावे. पण आपल्या शास्त्राने या भावनेचे दोन चेहरे फार पूर्वी वेगळे करून ठेवले आहेत. क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांत मान येतो. आणि तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात मैत्री, करुणा, माध्यस्थ्य यांच्याबरोबर प्रमोद येतो. दुसऱ्याच्या ठायी अधिक गुण पाहून होणारा निर्मळ आनंद म्हणजे प्रमोद. स्टुलावरच्या कार्यक्रमात "पाहा, माझी मुलगी!" यातल्या 'माझी' या शब्दावर जोर होता, तो मान. बालवाडीच्या कोपऱ्यात बसून आम्हांला जे वाटले, त्यात 'माझी' कुठे नव्हतेच. चार वर्षांच्या मुलीपाशी आमच्याहून अधिक धीर आहे, तराजू स्थिर होईपर्यंत ती थांबू शकते, हे पाहून हात आपसूक जोडले गेले. प्रमोद भावना आपण मुनिजनांसाठी राखून ठेवतो. ती आपल्याच घरातल्या लहानग्यांविषयीही बाळगता येते, हे मला वयाच्या साठीनंतर समजले.

आणि आता जे लिहायचे टाळत होतो, ते लिहितो. हा माझा मुलगा चार-पाच वर्षांचा असताना माझी बदली परगावी होती. मी शनिवारी रात्री घरी येई आणि रविवारी सकाळी त्याला समोर उभे करून पाढे म्हणायला लावी. अडखळला की टपली. आठवडाभर तो काय खेळला, कोणाशी भांडला, कशाला घाबरला, हे मी एकदाही विचारले नाही. त्याने आपल्या मुलीला स्टुलावर उभे केले, ते माझ्याकडूनच शिकून. गोणींमागे बसलेल्या त्या मुलीत मला चाळीस वर्षांपूर्वीचा मुलगा दिसला. गेल्या संवत्सरीला मी त्याला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले, ते प्रथमच नेमक्या कारणासह. तो काही बोलला नाही. वाकून नमस्कार करून बराच वेळ तसाच राहिला.

तो प्रवेश अर्ज कोराच राहिला. नात त्याच बालवाडीत आहे. माझ्या वडिलांच्या काळचा पितळी तराजू माळ्यावर पडून होता. मुलाने तो उतरवून, चिंचेने घासून दुकानाच्या कोपऱ्यात टांगला आहे. दुपारी नात तिथे वाल, राजमा आणि सुपारी जोखत बसते. कोणी गिऱ्हाइकाने "काय चाललंय?" असे विचारले, तर मुलगा म्हणतो, "तिलाच विचारा. सांगावंसं वाटलं तर सांगेल."

वाचकांना माझी एकच विनंती आहे. मूल घरी आले की "आज काय शिकलास, म्हणून दाखव" असे म्हणू नका. "आज काय केलंस?" असे विचारा आणि हातातले काम बाजूला ठेवून उत्तर ऐका. उत्तर कधी लांबते, कधी येतच नाही. दुकान दहा मिनिटे थांबले, तर फारसे नुकसान होत नाही.