बंद सरकारने केले, हप्ता आम्ही फेडला

कोरोनाच्या काळात सरकारने सगळ्या क्षेत्रांतल्या धंद्यांना हात दिला, असे सांगणाऱ्यांचा आवाज आता इतका चढला आहे की ज्यांना काहीच मिळाले नाही त्यांनाच स्वतःच्या आठवणीची शंका यावी. म्हणून आधी आकड्यांचे बोलू. १२ मे २०२० रोजी पंतप्रधानांनी वीस लाख कोटींचे पॅकेज जाहीर केले. दुसऱ्या दिवसापासून अर्थमंत्री निर्मला सीतारामन पाच दिवस रोज एकेक भाग वाचून दाखवत होत्या आणि बेरीज २० लाख ९७ हजार ५३ कोटींवर जाऊन थांबली. त्यातले आठ लाख कोटींहून अधिक हे रिझर्व्ह बँकेचे उपाय होते, म्हणजे बँकांना खेळायला मोकळा केलेला पैसा. लघुउद्योगांच्या नावावर मांडलेले तीन लाख कोटी ही तर रक्कमच नव्हती, ती हमी होती. बँकेने कर्ज द्यायचे, धंदेवाल्याने व्याजासकट फेडायचे, आणि तो बुडाला तर बँकेचे नुकसान सरकार भरून देणार. मदत कुणाला झाली? धंदेवाल्याला की बँकेला?

हा प्रश्न काळाचौकीत उभे राहून विचारला पाहिजे. दिल्लीत तो ऐकूच येत नाही.

काळाचौकी, लालबाग, परळ हा गिरणगाव. अमर शेखांचा पहाडी आवाज ज्या मैदानांत आणि चाळींच्या चौकांत घुमला, तो हा भाग. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे गिरण्याच गेल्या. कामगाराने मग काय केले? कुणी वडापावची गाडी लावली, कुणी घरात शिलाई मशीन घेतले, कुणाच्या बायकोने पोळीभाजीचे डबे सुरू केले, कुणी टॅक्सी धरली. आज ज्याला आपण या भागातला 'लघुउद्योग' म्हणतो तो पुष्कळसा त्या संपाच्या राखेतून उठलेला आहे. त्यात मराठा आहे, दलित आहे, कोकणातून आलेला मुसलमान आहे, उत्तरेकडचा जरीवाला आणि बेकरीवाला आहे. हे कुणी हौसेने उद्योजक झालेले नाहीत. नोकरी गेली म्हणून झाले.

आता या भागातला एक शिंपी डोळ्यांपुढे आणा. शाळेचे गणवेश शिवणारा. मार्च ते जून हा त्याचा हंगाम, वर्षाची कमाई त्या चार महिन्यांत. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला, शाळा त्याआधीच बंद झाल्या होत्या, आणि जून आला तरी उघडल्या नाहीत. या माणसाने आयुष्यात बँकेचे कर्ज काढलेले नाही. काढले तर भिशीतून, नाहीतर कापडवाल्याची उधारी. सरकारच्या तातडीच्या कर्जहमी योजनेचा नियम असा होता की २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्यावर जेवढे कर्ज बाकी असेल त्याच्या वीस टक्के नवे कर्ज विनातारण मिळेल. शून्याचे वीस टक्के किती? ज्याने कर्ज काढले त्याला आणखी कर्ज, ज्याने हात राखून धंदा केला त्याला काही नाही. अशी ती योजना. व्याजाची मर्यादा बँकांना ९.२५ टक्के, बिगरबँक वित्त कंपन्यांना १४ टक्के. मार्च २०२३ मध्ये योजना संपेपर्यंत सुमारे १ कोटी १९ लाख कर्जदारांना हमी मिळाली होती. आणि देशातल्या लघुउद्योगांची सरकारी पाहणीतली संख्या होती ६ कोटी ३३ लाख. पाचातल्या एकालाही नाही. ज्यांना मिळाली त्यांचे भले झाले, ते नाकारण्याचे कारण नाही. पण याला 'सर्वांना मदत' म्हणू नका.

हप्त्यांच्या सवलतीचेही तेच. मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते पुढे ढकलले, पण व्याजाचे मीटर चालूच राहिले. व्याजावरचे व्याज तरी घेऊ नका, हे सांगायला २३ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालय लागले. मूळ व्याज माफ करायला न्यायालयानेही नकार दिला. दरम्यान २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृहखात्याने फर्मान काढले की टाळेबंदीत कामगारांचा पगार कापायचा नाही. तत्त्व चांगले. पण चार कारागीर ठेवणाऱ्या कारखानदाराने तो कुठून द्यायचा, यावर एक शब्द नाही. मे महिन्यात ते फर्मान गुपचूप मागे घेतले. ब्रिटनमध्ये सरकारने घरी बसलेल्या कामगाराच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिना अडीच हजार पौंडांपर्यंत, स्वतः भरला. अमेरिकेने छोट्या धंद्यांना कर्जे दिली आणि पगारावर खर्च केलेली रक्कम माफ केली. आपण गरीब देश, हे मान्य. मग गरीब देशाने कुणासाठी हात सैल सोडला तेही पाहू. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून घरखरेदीचे मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणले गेले. जानेवारी २०२१ मध्ये बिल्डरांनी भरायच्या अधिमूल्यात वर्षभरासाठी पन्नास टक्के सूट दिली गेली. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे करणाऱ्यांना कर्ज नाही, सूट! आणि टॉवरच्या पायथ्याशी गाडी लावणाऱ्याला? एप्रिल २०२१ च्या ५,४७६ कोटींच्या राज्य पॅकेजात एकदाच दीड हजार रुपये, तेही नोंदणीकृत असेल तर. रिक्षावाल्यालाही दीड हजार, परवाना असेल तर. टॅक्सीवाल्याचे त्या घोषणेत नावच नव्हते. आणि रिक्षा तर शीव-माहीमच्या अलीकडे येतच नाही!

फेरीवाल्याची नोंदणी ही मुंबईतली वेगळीच थट्टा आहे. महापालिकेने १९७८ पासून नवे परवाने देणे थांबवले. २०१४ च्या पाहणीत सुमारे ९९ हजार अर्ज आले, त्यांतले सुमारे १५ हजार पात्र ठरले. १ जून २०२० ला पंतप्रधान स्वनिधी योजना आली: दहा हजारांचे कर्ज, त्यासाठी ओळखपत्र नाहीतर पालिकेचे शिफारसपत्र. १९ जानेवारी २०२३ ला वांद्रे-कुर्ला संकुलात पंतप्रधानांच्या हस्ते मुंबईतल्या एक लाखाहून अधिक फेरीवाल्यांना या कर्जाचे वाटप झाले. टाळेबंदीनंतर पावणेतीन वर्षांनी! म्हणजे कर्ज वाटायला एक लाख फेरीवाले खरे, आणि रस्त्यावर बसायचा हक्क द्यायचा तेव्हा पंधरा हजारच खरे. तोच माणूस सकाळी बँकेचा लाभार्थी आणि संध्याकाळी पालिकेच्या गाडीपुढे पळणारा अतिक्रमण करणारा. गाडी उचलून नेली की हप्ता कशातून भरायचा?

यात मुसलमान म्हणून वेगळे काय, असे कुणी विचारील. सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितले होते की मुसलमान कामकऱ्यांपैकी ६१ टक्के स्वयंरोजगारी आहेत, आणि पुरुष कामकऱ्यांतले १२ टक्क्यांहून अधिक फेरीवाले. देशाची सरासरी आठ टक्क्यांहून कमी. काही बँका मुस्लिम वस्त्यांना 'नकारात्मक क्षेत्र' ठरवून कर्ज टाळतात, हेही त्याच अहवालात आहे. म्हणजे मदत बँकेच्या दारातूनच जाणार असे ठरवले त्या क्षणी आमच्या मोठ्या हिश्शाचे नाव यादीतून आपोआप गळले. त्यासाठी कुणी द्वेष करायची गरज नव्हती. द्वेष वेगळा होता. तो एप्रिल २०२० मध्ये तबलीगच्या निमित्ताने भाजीच्या गाडीपर्यंत पोहोचला. फळवाल्याला आधी नाव विचारले जाऊ लागले. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे म्हटले. तोवर रमजानचा बाजार गेला होता, ईद गेली होती. त्याच वर्षी लालबागचा राजा बसला नाही, सार्वजनिक मूर्ती चार फुटांवर आली, आणि मंडपवाले, रोषणाईवाले, फुलवाले, बँजोवाले घरी बसले. त्यांत दोन्ही धर्मांचे हात होते. भूक सेक्युलर असते, एवढे तरी त्या वर्षाने दाखवले.

माझा मुख्य मुद्दा मात्र कायद्याचा आहे. टाळेबंदी आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली झाली. त्याच्या १२ व्या कलमात तेव्हा मृतांच्या वारसांना सानुग्रह रकमेचा उल्लेख होता, आणि त्याच वाक्यात पुढे उपजीविकेची साधने पुन्हा उभी करण्यासाठी साहाय्याचा. ३० जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा आधार घेतला म्हणून मृतांच्या घरी पन्नास हजार पोहोचले. वाक्याचा पुढचा अर्धा भाग तसाच पडून राहिला. इंग्रजांनी प्लेगच्या वेळी केलेल्या १८९७ च्या साथरोग कायद्यातसुद्धा खर्च कुणी सोसायचा हे ठरवताना 'नुकसानभरपाई असल्यास' असा शब्द आहे. परक्या सरकारला सुचलेला शब्द आपल्या सरकारला दिसू नये? दुकान साथीने नव्हे, सरकारच्या आदेशाने बंद झाले. आदेश लोकहितासाठी होता, तो मी योग्यच मानतो. पण लोकहिताचा खर्च सगळ्या लोकांनी सोसायचा असतो, गणवेश शिवणाऱ्याने एकट्याने नाही.

आता थोडे आपल्याकडेही पाहू, हे लिहिले नाही तर लेख अर्धा राहील. आमच्या जमातींनी त्या वर्षी रेशनचे किट वाटले, जात न विचारता वाटले, त्यांना दुवा. पण शिंप्याला पीठ मिळाले, धागा आणि कापड मिळाले नाही. जकातीतून माणसाला पुन्हा धंद्यावर उभे करता येते, हे आम्ही तकरीरीत ऐकतो आणि हिशेबात विसरतो. दुसरे, व्याज हराम म्हणून सरकारी बँकेकडे पाठ फिरवणारे कितीतरी जण महिन्याला दहा टक्क्यांच्या सावकाराकडे मात्र बिनबोभाट जातात. आणि कागद! गुमास्ता परवाना नाही, उद्यम नोंदणी नाही. 'कशाला सरकारच्या डोळ्यांत यायचे' ही भीती खरी आहे, तिला कारणेही आहेत. पण भीतीची किंमत आपण रोख मोजतो.

याच गिरणगावात १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पहिल्या चौदा जणींना राष्ट्रीयीकृत बँकेने कर्ज दिले तेव्हा त्यांच्याकडे तारण ठेवायला काय होते? अभ्युदय बँकही काळाचौकीच्या अभ्युदयनगरात १९६४ साली पतपेढी म्हणूनच जन्मली. तिच्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त करायची वेळ आली, ती कहाणी निराळी. ओळखीवर आणि कामावर पत ठरवण्याची रीत या भागाला नवी नाही, एवढेच सांगायचे आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये स्वनिधीचे पहिले कर्ज दहावरून पंधरा हजार करण्यात आले आणि योजनेची मुदत मार्च २०३० पर्यंत वाढली. पुन्हा कर्जच. त्याआधी मागायला हवी ती उपजीविकेची रक्कम, प्रत्येक जिल्ह्यासाठी लिहून ठेवलेली, बंदचा आदेश निघेल त्याच दिवशी लागू होणारी. आणि ती कुणाला द्यायची याची गल्लीवार नोंद. ती पालिका करीत नसेल तर काळाचौकीतल्या मशिदीची कमिटी, गणेश मंडळ आणि बुद्धविहार यांनी एका टेबलावर बसून करावी: धंदा कोणता, किती वर्षांपासून, किती हात त्यावर जगतात. वही एकच असावी.