उंट आधी बांधावा

रमजानचा १७वा रोजा आला की मशिदीतल्या बयानात बद्रच्या लढाईची आठवण निघते. हिजरी सन २, म्हणजे इसवी सन ६२४. रोजे फर्ज झाल्यानंतरचा तो पहिलाच रमजान. मदिनेच्या नैऋत्येला, बद्रच्या विहिरींपाशी एका बाजूला मक्केचे हजारभर कुरैश आणि दुसऱ्या बाजूला हजरत मुहम्मद पैगंबर (स.) व त्यांचे सुमारे ३१३ साथीदार उभे ठाकले. साथीदारांकडे २ घोडे आणि सुमारे ७० उंट. एकेका उंटावर तिघे पाळीपाळीने बसत. आपली पाळी संपली की पैगंबरही पायी चालत. तरीही विजय या लहान जमावाचाच झाला.

मूठभरांना अशी दैवी मदत मिळाल्याच्या कथा अनेक धर्मग्रंथांत आहेत. बायबलमधील दावीद आणि गल्याथ कुरआनात दाऊद आणि जालूत या नावांनी भेटतात. बद्रच्या दिवशी फरिश्त्यांची कुमक आली, आदल्या रात्री पाऊस पडला, थकलेल्यांना शांत झोप लागली, असे सूरह अन्फाल सांगते. पण फरिश्ते ही मनाला धीर देणारी शुभवार्ता होती, विजय देणारा अल्लाहच, हेही तीच सूरह बजावते.

मग माणसाने काय करायचे? पैगंबरांचे त्या दिवसांतले वागणे पाहावे. त्यांनी आधी टेहळणी करवली. शत्रूचे पाणके हाती लागले, त्यांना सैन्याची संख्या सांगता येईना. तेव्हा पैगंबरांनी विचारले, रोज उंट किती कापता? कधी ९, कधी १०, असे उत्तर आले. त्यावरून ९०० ते १००० माणसांचा अंदाज बांधला गेला. मुक्कामाची जागा ठरली, तेव्हा हुबाब नावाच्या साथीदाराने विचारले, ही जागा अल्लाहच्या आदेशाने निवडली की हे आपले मत? मत आहे, असे कळताच त्याने शत्रूच्या जवळच्या विहिरीपाशी जाण्याचा सल्ला दिला. पैगंबरांनी तो लगेच मानला. एवढे सगळे झाल्यावर ते दुआला बसले. इतके तल्लीन होऊन की खांद्यावरची चादर गळून पडली.

यालाच तवक्कुल म्हणतात. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी उंट बांध, मग भरवसा ठेव, असे सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे.

बद्रनंतर सुमारे वर्षभराने उहुदची लढाई झाली. तेच पैगंबर, तीच श्रद्धा. टेकडीवर ५० तिरंदाज नेमले होते. काहीही झाले तरी जागा सोडू नका, अशी त्यांना ताकीद होती. विजय दिसू लागताच त्यातले बहुतेक जण लुटीच्या मोहाने खाली उतरले. पारडे फिरले, सुमारे ७० साथीदार शहीद झाले, पैगंबर जखमी झाले. कुरआनने ही चूक झाकली नाही. सूरह आले-इमरानमध्ये ती स्पष्ट मांडली. श्रद्धा आहे म्हणून बेशिस्तीला माफी नाही, असाच त्याचा अर्थ.

विजयातही मर्यादा होतीच. बद्रच्या ज्या कैद्यांना लिहिता-वाचता येत होते, पण खंडणी देण्याची ऐपत नव्हती, त्यांनी मदिनेतल्या १० मुलांना अक्षरओळख करून द्यावी आणि सुटावे, असे ठरले. कालचा शत्रू आज मुलांचा शिक्षक झाला.

जगात आजही युद्धे सुरू आहेत आणि देव आपल्याच बाजूने आहे, असे दोन्हीकडचे लोक छातीठोकपणे सांगतात. बद्र आणि उहुद एकत्र वाचले तर तसा दावा करायला जीभ धजावणार नाही. देव आपल्या बाजूने आहे का, हे विचारण्याआधी आपण न्यायाच्या बाजूने आहोत का, नेमून दिलेल्या जागी उभे आहोत का आणि हरलेल्याशी कसे वागतो, हे तपासावे लागते. दिवसभर भूक-तहान सोसणाऱ्या रोजेदाराने इफ्तारच्या दुआसाठी हात उचलताना स्वतःला एवढे विचारले, तरी त्याला बद्र समजली.