जुन्या गाडीचा डॅशबोर्ड: जोर नको, माप हवं

अमेरिकेत जुन्या गाड्यांचा नाद असलेली माणसं गल्लोगल्ली भेटतात आणि त्यांत आपली मराठी मंडळीही असतात. एखादी १९६५ची फोर्ड मस्टँग किंवा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीची डॅटसन २४०झेड गराजमध्ये येते, इंजिन सुरू होतं आणि मग लक्षात येतं की पेट्रोलचा काटा जागचा हलत नाही. डॅशबोर्ड उघडणं आलं. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "दोनशे हत्यारांचा सेट घेऊन टाक, एकदाच काय तो खर्च." मला हा सल्ला पटत नाही. डॅशबोर्डच्या कामाला हत्यारं थोडीच लागतात, पण ती नेमकी लागतात. आणि नेमकी कोणती, हे ठरवायला आधी थोडं विज्ञान लागतं.

डॅशबोर्डच का? इंजिनातला एखादा बोल्ट तुटला तर तो ड्रिल करून काढता येतो, नवे आटे पाडता येतात. डॅशबोर्डमधलं प्लास्टिक मात्र पन्नास-साठ वर्षं उन्हात भाजलेलं असतं. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेला प्लास्टिसायझर हळूहळू उडून जातो. बंद गाडीच्या काचेला आतून जो धूसर थर धरतो, त्यात हाच पदार्थ असतो. तो गेला की व्हिनाइल आक्रसतं आणि तडकतं. २४०झेडचे डॅशबोर्ड तर या तड्यांसाठी प्रसिद्धच आहेत. अशा ठिकाणी एक चुकीचा झटका बसला की स्क्रूभोवतीचं प्लास्टिक मोडतं आणि तसा मूळ भाग पुन्हा मिळेलच असं नाही.

आता स्क्रू पाहू. फुलीच्या खाचेचे सगळे स्क्रू सारखेच दिसतात. आपल्याकडे त्यांना सरसकट 'स्टार' म्हणतात. पण त्यांचे प्रकार वेगवेगळे आहेत. ऑरेगनमधल्या हेन्री फिलिप्स यांचा स्क्रू १९३६च्या सुमारास अमेरिकन मोटारींत आला. त्याच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात. त्यामुळे पिळण्याच्या जोराचा काही भाग ड्रायव्हरला बाहेर ढकलतो. जपानी गाड्यांतला स्क्रू जेआयएस मानकाचा असतो, त्याची खाच थोड्या वेगळ्या आकाराची. त्यात फिलिप्स ड्रायव्हर घातला तर टोक आधी तळाला टेकतं आणि पाकळ्या भिंतींना नीट भिडतच नाहीत. मग आपण जोर लावतो, ड्रायव्हर सटकतो आणि स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं. जपानी स्क्रू कच्चे असतात, असा एक समज इथे ऐकू येतो. दोष बहुतेक वेळा स्क्रूचा नसतो, जोडीचा असतो. जेआयएस स्क्रूच्या डोक्यावर अनेकदा फुलीशेजारी एक बारीक ठिपका असतो. तो दिसला की हातातला ड्रायव्हर बदलायचा.

पान्यांचंही तेच. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ नंबरचा पाना बसतो खरा, पण ०.३ मिलिमीटर मोकळा राहतो. तेवढ्या फटीमुळे सगळा दाब नटाच्या सपाट बाजूंऐवजी कोपऱ्यांवर येतो आणि कोपरे जातात. उलट ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, तिथे ८चा पाना बिनधास्त चालतो. नियम पाठ करण्यापेक्षा २५.४ने गुणणं सोपं!

हा इंच-मिलिमीटरचा घोळ आपल्याला नवा नाही. मुंबईत बनणारी प्रीमियर पद्मिनी ही मुळात इटालियन फियाट, तर ॲम्बेसेडर ही ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डची वारस. एक मेट्रिक घराण्यातली, दुसरी इंचाच्या. म्हणून आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना दोन्ही मापांचे पाने बाळगावे लागत. अमेरिकेत १९७५ साली मेट्रिकचा कायदा झाला, पण तो ऐच्छिक राहिला. मोटार कंपन्या मेट्रिककडे हळूहळू वळल्या आणि त्या संक्रमणकाळातल्या काही गाड्यांत दोन्ही मापं एकत्र नांदतात. प्रयोगशाळेत हा प्रश्न मला आजही भेटतो. इथल्या ऑप्टिकल टेबलावर पाव इंची, इंचाला वीस आट्यांची भोकं एकेक इंचावर असतात, युरोपातल्या टेबलावर एम६ची भोकं २५ मिलिमीटरवर. दोन्ही टेबलं उत्तम, पण एकाचे स्क्रू दुसऱ्याला लावू नयेत.

माझा मुख्य मुद्दा याच्याही पुढचा आहे. डॅशबोर्डच्या कामात पिळण्याच्या हत्यारांपेक्षा मोजण्याची हत्यारं जास्त महत्त्वाची. मस्टँगचा पेट्रोलचा काटा घ्या. टाकीतल्या सेंडरचा रोध टाकी रिकामी असताना सुमारे ७३ ओहम आणि भरलेली असताना सुमारे १० ओहम असतो. तो आधी टाकीपाशी मोजा. आकडा भलताच आला तर बिघाड टाकीत आहे आणि डॅशबोर्डला हात लावायचीही गरज नाही!

सेंडर ठीक असेल तर संशय मीटरमागच्या व्होल्टेज रेग्युलेटरवर जातो. त्यात दोन धातूंची पट्टी असते. ती तापली की वाकून प्रवाह तोडते, थंड झाली की पुन्हा जोडते. त्यामुळे १२ व्होल्टचे ठोके मिळतात आणि त्यांचा सरासरी परिणाम सुमारे ५ व्होल्टइतका होतो. काटाही उष्णतेवरच चालतो, म्हणून संथ असतो आणि ही उघडझाप त्याला जाणवत नाही. डिजिटल मल्टिमीटर इथे गोंधळतो. आकडे नुसते उड्या मारतात. जुना काट्याचा मीटर किंवा साधा टेस्ट लॅम्प लावा. काटा डुलला, दिवा लुकलुकला, की रेग्युलेटर जिवंत आहे. रोध मोजायला जो मीटर उत्तम, तोच इथे निरुपयोगी. महागडं किंवा नवं हत्यार म्हणजे योग्य हत्यार, हा भ्रम इथे फिटतो.

एक पाना मात्र सगळ्यांत आधी चालवायचा, तो बॅटरीचा. जे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं आहे, ते प्रथम सोडवायचं. ते सोडवताना पाना पत्र्याला टेकला तरी काही होत नाही. दुसरं टोक आधी सोडवायला गेलात तर तोच पाना शॉर्ट सर्किट करतो. अनेक जुन्या अमेरिकन गाड्यांत जाड, फ्यूज नसलेली तार थेट डॅशबोर्डमधल्या अँमीटरपर्यंत येते, त्यामुळे ही पायरी चुकवू नये.

"एवढं कशाला, आपण जुगाड करू," असं कुणी म्हणेल. जुगाडाबद्दल मला आदर आहे, पण योग्य हत्यार मिळतच नसेल तेव्हा. जेआयएस ड्रायव्हर काही डॉलरांत येतो. विकत घ्यायचा नसेल तर इथल्या काही सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तकांसारखी हत्यारंही मिळतात. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या ग्रंथालयात ही सोय १९७९पासून आहे.

आणि हा ड्रायव्हर आज सहज मिळतो, कारण जेआयएस हे खुलं, प्रसिद्ध झालेलं मानक आहे. कुणीही त्या मापाचं हत्यार बनवू शकतं. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीची गाडी आज आपण घरी उघडू शकतो. नव्या गाड्यांच्या डॅशबोर्डमागे मात्र संगणक आहेत आणि त्यांचं 'हत्यार' म्हणजे सॉफ्टवेअर. ते बहुतेकदा कंपनीच्या ताब्यात असतं. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ आणि २०२० साली, दोनदा, दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला तो याचसाठी. आजच्या गाड्या २०७५ साली कुणाला उघडता याव्यात असं वाटत असेल, तर त्यांची मापं आजच खुली असायला हवीत. आपल्या राज्यात असं मतदान आलं, तर ते केवळ गाडीवेड्यांचं प्रकरण समजून सोडून देऊ नका.