धुक्यातील दिवे

आजऱ्याहून सावंतवाडीकडे वसुलीस निघालेल्या व्यापाऱ्याला श्रावणात आंबोलीजवळ एकाएकी असे धुके गाठते, की रस्त्यावरची पांढरी रेषादेखील दिसेनाशी होते. अशा वेळी चालकाचा हात प्रथम दिव्याच्या खटक्याकडे जातो आणि दिवे ‘अप्पर’ होतात. अधिक दिसावे म्हणून केलेली ही कृती दिसणेच बंद करते. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे सूक्ष्म थेंब. प्रखर झोत त्यांच्यावरून विखुरतो व बराचसा चालकाच्याच डोळ्यांत परततो. समोर उभी राहणारी पांढरी भिंत धुक्याची कमी आणि स्वतःच्या दिव्यांची अधिक असते.

फॉग लाइट बंपरमध्ये खाली बसवलेली असते ती याचसाठी. तिचा झोत रुंद, आखूड व वरच्या बाजूस सपाट कापलेला असतो. रस्त्याची कड आणि पट्टा दाखवणे एवढेच तिचे काम. दूरचे दाखविणे तिच्या कुवतीत नाही. म्हणून ती लावून वेग तोच ठेवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. ५० मीटरच दिसत असेल, तर चालकाच्या हाती अवघे तीन सेकंद उरतात. पिवळा दिवा धुके अधिक भेदतो हा समज मात्र जुनाच आहे. धुक्याचे थेंब सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, त्यामुळे केवळ रंगासाठी पैसे मोजण्यात फारसा लाभ नाही.

हे दिवे केव्हा लावावेत, याचे माप काही देशांनी आकड्यांत ठरविले आहे. ब्रिटनमध्ये साधारणतः १०० मीटरपलीकडचे दिसत नसेल तरच ते लावता येतात आणि दृश्यता सुधारताच बंद करावे लागतात. जर्मनीत मागचा फॉग दिवा ५० मीटरहून कमी दिसत असतानाच लावण्याची मुभा आहे, आणि तेव्हा वेगही ताशी ५० किलोमीटरपेक्षा अधिक चालत नाही. आपल्याकडे स्वच्छ हवेतही, शोभेसाठी, चारही दिवे पेटवून शहरातून हिंडणाऱ्या मोटारी कमी नाहीत. ओल्या रस्त्यावर त्यांचा प्रकाश परावर्तित होऊन समोरच्याच्या डोळ्यांवर येतो, याची हिंडणाऱ्याला जाणीव नसते.

मागच्या फॉग दिव्याविषयी तर बहुतेकांना ठाऊकच नसते. तो ब्रेकच्या दिव्याइतका तेजस्वी व तांबडा असतो. दाट धुक्यात तो मागून येणाऱ्या ट्रकला वेळीच सावध करतो; परंतु धुके विरल्यावरही जळत राहिला, तर ब्रेक लागला की नाही हे मागच्याला कळत नाही. रांगेत हळू सरकताना मागची मोटार जवळ येऊन स्थिरावली, की तो विझविणे हेच सौजन्य. डॅशबोर्डवर पुढच्या दिव्याची खूण हिरवी, मागच्याची नारिंगी असते. दोन्हींत किरणांना छेदणारी नागमोडी रेघ दिसते.

चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून चालण्याची सवयही टाकून द्यावी अशीच आहे. मोटार उभी आहे की चालती, डावीकडे वळणार की उजवीकडे, हे त्यातून कोणालाच उमगत नाही. मोटार थांबविणे भाग पडले, तर ती रस्त्यापासून शक्य तितकी दूर नेऊन मग ते लावावेत.

जैन कुटुंबांच्या दृष्टीने या विषयाची आणखी एक बाजू आहे. हिवाळ्यातील विहार पहाटेनंतरच्या धुक्यातच सुरू होतो. साध्वीजींची श्वेत वस्त्रे अंधारात उठून दिसतात, परंतु धुक्यात पांढऱ्यात पांढरे मिसळून जाते आणि रस्त्याच्या कडेने चाललेला समूह दहा-वीस पावलांवर येईतो नजरेस पडत नाही. फॉग लाइटचा रुंद, खालचा झोत त्यांची पावले तुलनेने लवकर दाखवू शकतो, मात्र वेग आवरलेला असेल तरच. दिवा बाळगणे साधूंच्या आचारात बसत नाही. सोबत चालणाऱ्या श्रावकांना तशी अडचण नाही. त्यांच्यापैकी एकाने पुढे व एकाने मागे, प्रकाश परतविणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट घालून चालावे, मागच्याने हाती तांबडा दिवा घ्यावा. पदपथ नसेल तेथे संपूर्ण समूहाने रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे, एकामागून एक चालावे आणि धुके फारच दाट असेल तर तासभर उशिरा निघावे.